चौथ्या मजल्यावर न गेलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर बसून माणसं जिना उतरतात. दिवाणखान्यातल्या खुर्च्यांना हे सांगितलं तर त्या हसतील. त्यांचं काय, त्या एका जागी बसून म्हाताऱ्या होतात. माझं काम वेगळं. ज्या घराला लिफ्ट नाही, किंवा असून बंद आहे, तिथल्या आजारी माणसाला खाली आणायचं कसं? स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकतं. खांद्यावर टाकून न्यायला माणूस म्हणजे काही पोतं नव्हे. म्हणून मी. घडी केली की मी रुग्णवाहिकेतल्या अरुंद कपाटात मावते. उघडली की पाठीशी दोन मुठी, पायाशी दोन मुठी. एकाने वरून धरायचं, एकाने खालून, आणि मधे मी.

तुम्हाला लहान समजून मी गोड गोड बोलणार नाही. ही गोष्ट एका बाळाची आहे आणि ते बाळ या गोष्टीत एकदाही रडत नाही. ऐकवणार नसेल तर आत्ताच पान उलटा.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पाइप वाकवणारा माणूस काम करताना शीळ घालायचा, आणि शीळ बेसूर झाली की समजावं, पाइपही वाकडा गेला. माझं बसायचं निळं रेक्झिन एका बाईने शिवलं. ती टाका असा ओढायची की सुईच कुरकुरायची.

मुकादम म्हणाला, "एवढं घट्ट कशाला? कुणी जन्मभर बसायचंय का हिच्यावर?"

"माझी आई बसेल असं समजून शिवते मी."

"मग आधी आईला आजारी पाडावं लागेल."

"तुमच्या जिभेला काही हाड आहे का?" असं म्हणत तिने आणखी एक टाका घातला. छातीचा पट्टा, कमरेचा पट्टा, पायांचा पट्टा, सगळे तिच्याच हातचे. शेवटी माझ्यावर वाळूच्या गोणी ठेवून मला वर-खाली नेलं. मी कुरकुरले नाही. मुकादमाने पाठीवर थाप मारली आणि मी जगात आले.

मग कामाची वर्षं आली. काय सांगू तुम्हाला त्या वर्षांचं! आमच्या गाडीचा चालक होता भोंगा. सायरन वाजवायची त्याला भारी हौस, म्हणून हे नाव. आणि त्याच्याबरोबर होते दादा. दादा पॅरामेडिक होते. पॅरामेडिक म्हणजे डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत तुमचा जीव हातात धरून ठेवणारा माणूस. दादांचे हात रुंद आणि कोरडे होते. त्यांनी माझ्या मुठी धरल्या की मला कळायचं, आता कितीही अरुंद जिना असो, हा माणूस मला भिंतीला घासू देणार नाही.

एका निवृत्त गुरुजींना आम्ही आणलं होतं. छातीत दुखत होतं, पण ताठा गेला नव्हता.

"मी माझ्या पायांनी येणार," ते म्हणाले.

"गुरुजी, आज पायांना सुट्टी," दादा म्हणाले आणि माझे पट्टे बांधले.

मग गुरुजी दर मजल्यावर दार उघडून बघणाऱ्यांना हात हलवत खाली आले. मागून त्यांची बायको चपला हातात घेऊन येत होती. "अहो, हात काय हलवताय? निवडणूक जिंकलात का?" खुद्द दादांना हसू आवरेना. गुरुजी बरे होऊन परत आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी तेलाची छोटी बाटली पाठवली. चाकांना घालायला. त्या दिवशी मी किती मिरवले असेन, ते विचारू नका.

पण चांगलं चाललेलं बघवत नाही अशी एक जागा असते, तिला कार्यालय म्हणतात. आमच्या गाड्या ज्यांच्या हुकमावर चालत त्यांनी एकदा पत्रकं छापली. 'एक फोन करा, आम्ही पोचलोच!' खोकेच्या खोके. प्रत्येक गाडीत काही खोके ठेवा आणि जाल तिथे वाटा, असा हुकूम आला. ठेवायचे कुठे? माझ्या कपाटासमोर थोडी जागा होती. तिथे ठेवले. मला काढायचं म्हणजे आधी खोके रस्त्यावर उतरवायचे, मग मला, मग परत खोके चढवायचे. भोंगा पहिल्यांदा शिव्या घालून उतरवायचा. पुढे नुसत्या शिव्या घालायचा.

त्याच सुमारास एका प्रशिक्षणाला दादा जाऊन आले. तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, गरोदरपण म्हणजे आजार नव्हे, धडधाकट बाईला उगाच आडवं पाडून नेऊ नका, चालू द्या. खरंच होतं ते. पण त्या बाई पुढेही बोलल्या होत्या. रक्त जात असेल, पोट दगडासारखं कडक लागत असेल, दुखणं येऊन जाऊन नसून एकसारखं असेल, तर तिला एक पाऊलही चालवू नका, कुशीवर ठेवा, उचला आणि पळा. गाडीत भोंग्याला सांगताना दादांनी हे दोन्ही सांगितलं. मी ऐकलं आहे. पण वापरात राहिलं ते पहिलं अर्धं. उरलेलं खोक्यांच्या मागे गेलं, माझ्यासारखं.

अशी आमच्या केंद्रात सवय पडली. बाळंतपणाची केस आली की खुर्ची काढायची नाही. बायका चालत उतरल्या. कठड्याला धरून, भिंतीला धरून, कुणी थांबून थांबून. कुणाला काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून सवय बरोबर ठरली. मित्रांनो, मोठ्या माणसांच्या बहुतेक सवयी अशाच बरोबर ठरलेल्या असतात.

आणि मी कपाटात. बाहेर जिने असायचे, मला वास यायचा त्यांचा. ओल्या फरशीचा, गंजलेल्या कठड्याचा, कुणाच्या घरी काहीतरी करपल्याचा. पट्ट्यांवर धूळ बसत होती आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की मला वाटायचं, आज. आज मला नेतील.

मग ती दुपार आली.

चार मजली इमारत होती, लिफ्ट नव्हतीच. वरच्या मजल्यावर राहणारी बाई कपडे शिवायची, म्हणून शेजारीपाजारी तिला शिवणताई म्हणत. पहिलटकरीण होती, आठवा महिना चालू होता. नवरा कामावर गेला होता. घरात सासू आणि कॉलेजात शिकवणारी नणंद. फोन नणंदेने केला होता.

गाडी थांबली. भोंग्याने कपाटाकडे बघून विचारलं, "दादा, खुर्ची?"

"बाळंतपणाची केस आहे. चालेल ती," दादा म्हणाले. "खोके कुठे उतरवत बसतोस?"

बॅग घेऊन ते गेले. वर काय झालं ते मी पाहिलेलं नाही. ते मी पुढे न्यायालयात ऐकलं, आणि ऐकताना माझे सगळे खिळे गार पडले. शिवणताई पलंगावर वाकून बसली होती. दुखणं थांबतच नव्हतं. थोडं रक्त गेलं होतं. दादांनी बीपी बघितला, पोटाला हात लावला, आणि म्हणाले, "चला ताई, हळूहळू. गाडी खाली उभीच आहे."

ती उठली. कारण सांगणाऱ्याच्या अंगावर गणवेश होता.

थोड्या वेळाने नणंद धावत खाली आली. पायात काही नाही, हातात टॉवेल. "अहो, तिला उभं राहवत नाहीये! खुर्ची असते ना तुमच्याकडे? आमच्या खालच्या आजोबांना नेलं होतं खुर्चीतून!"

मित्रांनो, माझं नाव घेतलं कुणीतरी! किती दिवसांनी!

"असते हो ताई," भोंगा म्हणाला. "पण दादांनी सांगितल्याशिवाय मी कशी काढू?"

"मग विचारा ना! तोंड शिवलंय का?"

भोंग्याने जिन्यात तोंड घालून हाक मारली. "दादाऽऽ! खुर्ची आणू का?"

वरून आवाज आला, "नको रे! दोन मजले उतरलोय. दोनच राहिलेत!"

तिथेच, वळणावर, शिवणताई खाली बसली ती उठलीच नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. दादांनी पुन्हा बीपी बघितला, आणि या वेळी त्यांनी घाबरून वायरलेसवर सांगितलं, उचलायला माणसं पाठवा. म्हणजे दुसरी गाडी. म्हणजे थांबणं. मी खाली कपाटात, पट्ट्यांसकट, मुठींसकट, चाकांना तेल नसलं तरी चालती, आणि वर माणसं दुसऱ्या गाडीची वाट बघत होती.

नणंद परत आली. या वेळी तिने कुणाला विचारलं नाही. ती सरळ गाडीत चढली आणि खोके बाहेर फेकू लागली. एक फुटला. 'आम्ही पोचलोच!' सगळ्या रस्त्यावर झालं. भोंगा म्हणाला, "अहो, अहो," आणि मग तोही फेकू लागला. कपाट उघडलं. नणंदेने माझी मूठ धरली. घामाने ओला हात होता, पण पकड अशी की मला वाटलं, आता ही मला भिंत फोडूनही नेईल. मी बकलात अडकले होते. ते दाबून वर ओढायचं असतं, ती बाजूला ओढत होती. भोंगा म्हणाला, "थांबा, मी काढतो."

तेवढ्यात जिन्यातून गलका आला. "बाजूला व्हा! आणली, आणली!" शेजाऱ्यांनी तिला चादरीत घालून उतरवलं होतं. चारी टोकांना चार जण, आणि मधे ती, झोळीत असावी तशी.

नणंदेने माझी मूठ सोडली.

रस्ताभर भोंग्याने सायरन वाजवला. त्या दिवशी त्यात हौस नव्हती. शिवणताई माझ्यापासून हातभर अंतरावर आडवी होती आणि नणंदेला विचारत होती, "हलत नाहीये गं. वन्सं, हलत का नाहीये?" दादांनी तिचा हात धरला होता.

आईच्या पोटात बाळ ज्या भागातून रक्त आणि श्वास घेतं त्याला वार म्हणतात. ती वार आतल्या आत सुटली होती. शिवणताई वाचली. बाळ, मुलगी होती, ती नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं."

बघा हं, एवढंसं वाक्य. पण ते या घराच्या मागे लागलं. थोडं आधी म्हणजे कधी? कुणी उशीर केला? सासूला आठवलं, दुखायला लागल्यावर सून आधी मशीन बंद करायला गेली होती, गिऱ्हाइकाचा कपडा घडी करून ठेवला होता. "कपड्याची घडी जास्त झाली तिला!" असं त्या एकदा बोलून गेल्या. एकदाच. पण बोललेलं घरात राहतं. नवरा काही म्हणाला नाही, तेही तिला लागलं. आणि हळूहळू शिवणताईलाच वाटू लागलं, की असेल. माझ्यामुळेच झाला असेल.

शिवणताईने दावा लावला तो नणंद मागे लागली म्हणून. कार्यालयावर आणि दादांवर.

न्यायालयाची नोटीस आली तशी माझी उचलबांगडी झाली. मला गाडीतून काढून केंद्राच्या मागच्या खोलीत टाकलं, मोडक्या पलंगांत आणि गळक्या बादल्यांत. मला काहीही झालं नव्हतं. पण भंगारात ठेवलं की चांगली वस्तूही भंगार दिसते, हे कार्यालयाला बरोबर माहीत असतं. तिथे मी किती ऋतू काढले कोण जाणे. भिंतीपलीकडे केंद्राचा जिना होता. पावलं वर जायची, खाली यायची. दादांची पावलं मी ओळखायचे. ती आता जड झाली होती. एकदा ती दाराशी येऊन थांबली. मला वाटलं, उघडतील, एकदा तरी माझ्या मुठींना हात लावतील. थांबली आणि गेली.

मग न्यायाधीश बाईंनी हुकूम काढला, ती खुर्ची हजर करा.

मला न्यायालयात बाहेरच्या बाकाशेजारी टेकवून ठेवलं होतं. बाकावर शिवणताई आणि तिच्या वकीलबाई. मला शिवणताईची ओळख पटली ती आवाजावरून. त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं, घडी केलेल्या खुर्चीकडे कोण बघतं?

वकीलबाईंना सर्दी झाली होती. त्या रुमालातून बोलत होत्या. "हे बघा, कायदा सरळ आहे. तुम्हाला सांभाळून आणणं हे त्यांचं काम होतं का? होतं, त्यावर वाद नाही. मग शिकलेल्या, जबाबदार पॅरामेडिकने जसं करायला हवं तसं त्यांनी केलं का? तिथे आपण भक्कम आहोत. शेवटचं अवघड आहे. त्यांनी वेळ घालवला म्हणूनच बाळ गेलं, की तसंही गेलं असतं? त्यावर ते लढणार."

"ते मला नको," शिवणताई म्हणाली.

"नको म्हणजे?"

"म्हणजे ते असू दे हो. मला एवढंच हवंय, की माझ्यामुळे उशीर झाला नाही, हे कुणीतरी मोठ्या माणसाने मोठ्याने म्हणावं. सगळ्यांसमोर. आमच्या आईंसमोर. आणि झाला असेल माझ्यामुळे, तर तसं म्हणावं. मग मी विचारणार नाही परत."

मी तिच्या गुडघ्याजवळ होते. इतक्या जवळ. तिला काय सांगू आणि कशाने सांगू! माणसांना जीभ असते आणि ती खरं सांगायला वापरत नाहीत. मला पट्टे आहेत, चाकं आहेत, जीभ तेवढी नाही.

उघड्या दारातून मला दिसत होतं, आत कार्यालयाचे वकील उभे राहिले. गुळगुळीत माणूस, आवाजालाही पॉलिश. "मॅडम, सदर खुर्ची नादुरुस्त होती. नादुरुस्त खुर्चीवरून बाई पडली असती तर? आमच्या कर्मचाऱ्याने उलट सावधगिरी बाळगली."

मग दादांचे वकील उठले. त्यांना कार्यालयाशी देणंघेणं नव्हतं, त्यांना दादांना सोडवायचं होतं. "मॅडम, आमचं म्हणणं असं, की खुर्ची देऊ केली होती. बाईंनीच नको म्हटलं. लाजल्या. शेजारी बघतील म्हणाल्या."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही दोघं जरा बाहेर जाऊन ठरवून येता का? मोडकी होती, की देऊ केली होती? मोडकी खुर्ची कुणी गरोदर बाईला बसायला देतं का?"

लोक हसले. दोन्ही वकील आपापल्या कागदांत काहीतरी शोधू लागले.

"आणा ती आत," बाई म्हणाल्या.

शिपाई गलेलठ्ठ होता. त्याने मला उचललं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ही उघडते कुठून?" भोंगा साक्षीला आला होता. तो पुढे झाला आणि त्याने कळ दाबली. मी 'खट्' करून उघडले. इतकी वर्षं भंगारात, गंजलेल्या बादल्यांत, आणि मी एका झटक्यात उघडले, मित्रांनो! धूळ उडाली, कार्यालयाचे वकील शिंकले.

"बसा हिच्यावर," बाईंनी शिपायाला सांगितलं.

"मी, मॅडम?"

"तुम्ही पेललात तर सगळे पेलतील."

शिपाई देवाचं नाव घेत बसला. भोंग्याने आणि एका पोलिसाने मला उचलून दारापर्यंत नेलं आणि परत आणलं. मी हूं की चूं केलं नाही. शिपायाला उतरावंसं वाटेना. "चांगली आहे मॅडम. घरच्यापेक्षा चांगली आहे." पुन्हा हशा झाला.

मग वकीलबाईंनी शिवणताईला विचारलं, "ही खुर्ची तुम्ही नाकारलीत का?"

ती साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. माझ्याजवळ आली, रेक्झिनवर बोट फिरवलं, टाक्यांवरून, जसं टाके घालणाराच फिरवतो.

"ही होय ती?" ती म्हणाली. "मी हिला आज बघतेय. पहिल्यांदा. मला वाटायचं, खूप मोठी असेल. दारातून आत येत नसेल, म्हणून आणली नसेल. रोज हेच सांगायचे मी मनाला." ती दादांकडे वळली. "एवढीशीच आहे की हो."

हशा कुठल्या कुठे गेला.

न्यायाधीश बाईंनी दादांना विचारलं, "तुम्ही ही वर नेली होती का?"

दादांच्या वकिलांनी त्यांची बाही ओढली. दादांनी ती सोडवून घेतली. "नाही मॅडम."

"का?"

"बाळंतपणाला नेत नव्हतो आम्ही. सवयच होती तशी. आणि पुढे खोके असायचे."

"पोटाला हात लावलात तेव्हा काय लागलं?"

"कडक लागलं होतं."

"अशा वेळी काय करायचं, ते शिकवलं होतं तुम्हाला?"

"हो."

"मग?"

दादा माझ्याकडे बघत होते. "मग वाटलं, दोन मजले तर राहिलेत."

मला त्यांचा राग होता. अजून आहे. आणि तरी त्या क्षणी मला त्यांचे रुंद, कोरडे हात हवे होते माझ्या मुठींवर, तेही खरं. एकाच माणसाबद्दल दोन्ही वाटतं, आणि ते पुसता येत नाही. ज्यांना फक्त एकच वाटतं ते सुखी असतील.

निकाल पुढच्या तारखेला लागला. न्यायाधीश बाईंनी वाचला. पॅरामेडिकच्या हातून हयगय झाली. त्याला काय करायचं ते माहीत होतं, साधन खाली होतं, आणि त्याने ते मागवलं नाही. कार्यालयाची जबाबदारी त्याहून मोठी. त्यांनी साधनापुढे पत्रकं रचली, सवय पडताना पाहिली आणि चालू दिली, आणि मग चांगली खुर्ची भंगारात टाकून न्यायालयाला फसवायला निघाले. बाळ नक्की वाचलं असतं असं कोणताही डॉक्टर शपथेवर सांगू शकत नाही. पण तिला वाचायची संधी होती, आणि ती जिन्यात चालवून, बसवून, थांबवून घालवली. त्याची भरपाई द्यावी लागेल. दादांना काही काळ गाडीवर जाता येणार नाही.

मग बाई थांबल्या, आणि पुढचं कागदाकडे न बघता बोलल्या. "वादी बाईंनी कुठेही उशीर केलेला नाही."

शिवणताई उभी राहिली. वकीलबाई तिला खाली ओढत होत्या. "मॅडम, ते परत एकदा म्हणता का? जरा मोठ्याने?"

कुणी हसलं नाही. न्यायाधीश बाई प्रेक्षकांत बसलेल्या सासूकडे बघून सावकाश म्हणाल्या, "यांनी उशीर केलेला नाही. मशीन बंद करण्यात नाही, कपड्याच्या घडीत नाही, जिन्यात नाही. त्यांना उशीर करण्यात आला."

सासूने पदर, नव्हे, नुसताच हात तोंडावर धरला. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून सुनेपुढे केली. "घे. घसा कोरडा पडला असेल." एवढंच. काही सासवांना याहून जास्त येत नाही.

सगळे निघाले. मला बाहेर आणून बाकाशेजारी उघडीच ठेवलं होतं. शिवणताई शिपायाला म्हणाली, "जरा बसू का हिच्यावर?"

"बसा की ताई."

ती बसली. नणंदेने न सांगता कमरेचा पट्टा लावला. या वेळी बकल तिला जमलं. ती हलकी होती, मित्रांनो, फार हलकी. त्या दुपारी ती दोन जिवांची होती, तरी मला जड झाली नसती. मी सगळे पाइप आवळून तिला धरलं. पण भोवती सपाट फरशी होती. उतरायला जिना नव्हता, खाली गाडी उभी नव्हती, पोटात कुणी नव्हतं. मी ज्या कामासाठी जन्मले ते काम माझ्यावर बसलं होतं आणि त्याची वेळ निघून गेली होती. थोड्या वेळाने ती उठली, पट्टा सरळ करून ठेवला आणि गेली.

तुम्हाला वाटेल, आता मी परत गाडीत असेन. नाही. कार्यालयाने वरच्या न्यायालयात अपील केलंय. तोवर मी मुद्देमालाच्या खोलीत आहे, शेजारी एक सायकल आणि फुटलेला टीव्ही. आणि आमच्या गाडीत माझ्या जागी दुसरी कुणी आली की नाही, मला माहीत नाही. कदाचित खोकेच असतील.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यातलं कुणी मोठेपणी गणवेश घालेल, कुणी कार्यालयात बसून हुकूम काढेल. गणवेश घालणाऱ्यांनो, वर जाताना खुर्ची घेऊन जा. लागली नाही तर रिकामी परत आणा, पाठ दुखेल थोडी, दुखू दे. हुकूम काढणाऱ्यांनो, जीव वाचवायच्या वस्तूपुढे स्वतःची जाहिरात रचू नका. आणि ज्यांच्या घरी कुणी आई होणार आहे त्यांनो, लाजू नका, गणवेशाला भिऊ नका. रक्त जात असेल, पोट कडक असेल, तर खुर्ची मागा. ओरडून मागा. खोके फेकून मागा.

आणि कुणाची ओळख असेल तर त्या अपिलाचं जरा लवकर उरका म्हणावं. माझे टाके अजून पक्के आहेत. मला जिने आठवतात. कुठल्यातरी वरच्या मजल्यावर आत्ता कुणीतरी भिंतीला धरून उभी असेल.